पडद्याआडचा पट

"आपण सगळे पुरुषच तर आहोत, मग मधे पडदा कशाला?"

खंडेराव हे वाक्य बोलले नाशकातल्या गंगेकाठच्या बुद्धिबळ मंडळात, सुपारी कातरता कातरता, हसत. बोलून ते विसरूनही गेले असतील. पण ते वाक्य भद्रकालीमागच्या बोळात, तांदळाचे व्यापारी लियाकतशेठ यांच्या घरी पोचलं आणि त्यांच्या बायकोच्या, नूरबानोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढं पुष्कळ वर्षं उतरली नाही. उतरायला काही कारणही नव्हतं. नूरबानो चिडखोर होती असं अजूनही म्हणणारे लोक आहेत. त्यांनी आधी एवढं ऐकून घ्यावं, की तो पडदा कसला होता आणि त्या बाईनं त्याचं काय करून दाखवलं होतं.

नूरबानो ही हनीफ कातारी यांची मुलगी. हनीफ लाकूड कातून लाटणी, पाळण्याचे खांब आणि भोवरे करायचे, त्यांवर लाखेचे रंग चढवायचे. बुद्धिबळाचे मोहरेही करायचे. मोहरा हातात नीट बसतो की नाही हे खेळल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक नवा संच ते आधी मुलीबरोबर खेळून बघत. अर्धवट रंगवलेल्या उंटांवर आणि शेपूट नसलेल्या घोड्यांवर नूरबानो डाव शिकली. लग्नाच्या वयाची होईपर्यंत ती बापाला हरवायला लागली होती, आणि हरवून वर कुठं चुकलात तेही सांगायची. नम्रपणा तिच्या वाट्याला फारसा आला नव्हता आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. हनीफना मात्र या गोष्टीचा इतका अभिमान, की लग्नात त्यांनी तिला तांबड्या-हिरव्या मोहऱ्यांचा एक संच आणि कापडाचे दोन पट दिले. एक पट फाटला तर दुसरा असावा म्हणून दोन.

सासरी पहिल्या आठवड्यातच तो संच बाहेरच्या खोलीत गेला.

घरात दोन खोल्यांच्या मधे जाड निळा पडदा होता. बाहेर पुरुष बसत, आत बायका. हा पडदा सासू अमिनाबीनं लावलेला. अमिनाबी दुष्ट होती असं मुळीच नाही. तिच्या सासूनं लावला होता, म्हणून तिनं लावला, एवढाच तिचा विचार. लियाकतला बुद्धिबळाचा नाद होता. त्याच्या दुकानातला मापाडी कोंडाजी रोज दुकान बंद झालं की यायचा आणि दोघं बाहेर डाव मांडून बसायचे. मोहरे नूरबानोचे, पट नूरबानोचा, डोकं सगळ्यांत चांगलं तिचं, आणि ती आत कांदा चिरत बसलेली. बापानं तिला दिलेले हत्ती-घोडे बाहेर दोन मध्यम खेळाडूंच्या हातात मार खात होते. बाहेरून "शह!" ऐकू आलं की तिच्या हातातली सुरी थांबायची. कुणी विचारलं असतं तर तिनं आतून सांगितलं असतं की शह कशाला देता, वजीर वाचवा. पण विचारणार कोण?

लियाकत तसा भला माणूस. त्याच्यात खोट एकच, समोरचा जे बोलेल त्याला तो मान डोलवायचा. बायको बोलली तरी डोलवायचा, आई बोलली तरी डोलवायचा, आणि दोघी एकमेकींविरुद्ध बोलल्या तर दोन्ही वेळा डोलवायचा. अशा माणसाशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं.

तर झालं असं, की मेलेले मोहरे बाहेरच्या दाराच्या उंबऱ्याशी ठेवायची पद्धत होती आणि दाराबाहेर लगेच गटार. एकदा एक हिरवा हत्ती गडगडत गटारात गेला. अमिनाबीनं तो चिमट्यानं काढला, धुतला, आणि ती कडाडली, "मेलेले आत टाकत जा! बाहेर ठेवायचे नाहीत!" त्या दिवसापासून डावात मोहरा मेला की लियाकत तो पडद्याखालून आत सरकवायला लागला. नूरबानोच्या मांडीशी एकेक मेलेला येऊन पडायचा. प्यादं, प्यादं, उंट, पुन्हा प्यादं. ते बघून बाहेर काय चाललंय ते तिला ओळखता यायला लागलं. कोण घाईत आहे, कोण फसलाय, सगळं. तिनं एक दिवस पेटीतून दुसरा पट काढला, चुलीपासून जरा लांब अंथरला, आणि आत आलेला पहिला मोहरा त्यावर उभा केला. बाहेर मेलाय ना? मग इथं जगू दे.

इथून तिचा खेळ सुरू झाला. सुरुवात इतकी साधी होती. पुढचं मात्र साधं नव्हतं, आणि ते कुणी तिच्या हातात आयतं आणून दिलं नाही.

आत खेळायला समोर कुणी हवं. कोंडाजीची बायको तानुबाई त्याच्याबरोबर यायची आणि आत नूरबानोजवळ बसायची. माहेर घोटीचं, बोलणं कमी. नूरबानोनं तिला बुद्धिबळ शिकवलं. तानुबाई एकेका खेळीला इतका वेळ लावायची की पुढ्यातला चहा निवून जायचा. नूरबानो चडफडायची, पण तानुबाईनं एकदा ठेवलेला मोहरा चुकीच्या घरात फारसा सापडायचा नाही.

पहिला प्रकार असा होता, की बाहेरचे मेलेले आत जिवंत व्हायचे आणि आतले मेलेले बाहेर. त्यात कुणी कायमचं मरायचंच नाही. दिवेलागणीला मगरिबची अजान झाली, चुली पेटल्या, कोंडाजीची गाय हंबरून हंबरून दमली, तरी डाव संपेना. मग नूरबानोनं ठरवलं, एका मोहऱ्याला दोनदाच जगता येईल. पण पहिल्यांदा मेलाय की नाही ओळखायचं कसं? तिनं हनीफना निरोप पाठवला. हनीफनी नवा संच कातताना प्रत्येक मोहऱ्याच्या मानेला बारीक खाच ठेवली. मोहरा एकदा मेला की त्या खाचेत सुताचा दोरा बांधायचा. दोरा बांधलेला पुन्हा मेला की तो पेटीत. मधे एकदा तिनं तीन पटांचाही प्रकार करून पाहिला, तिसरा पट स्वयंपाकघरात, अमिनाबीच्या पुढ्यात. त्यात डाळ करपली आणि अमिनाबीनं वजीर ताकात बुडवला. तो प्रकार तिनं रागारागानं मोडून टाकला.

शेवटी जे जमलं ते हे. दोन पट, एक बाहेर, एक आत. दोन्हींवर पूर्ण फौज. तांबडा बाहेर एक आणि आत एक, हे दोघं भिडू. हिरव्यांचंही तसंच. आपला मोहरा मेला की तो मानेला दोरा बांधून पडद्याखालून आपल्या भिडूकडे जातो. भिडू आपल्या खेळीऐवजी तो आपल्या पटावरच्या कुठल्याही रिकाम्या घरात उभा करू शकतो. बाहेरच्या दोघांनी एकेक खेळी केली की थाळीचा ठोका पडायचा, मग आतल्या दोघींनी करायची, पुन्हा ठोका. चार राजांपैकी कुठल्याही एकावर मात झाली की डाव संपला. आणि सगळ्यांत मोठा नियम, ज्यावर बाकी सगळं उभं होतं, तो असा की एकानं दुसऱ्याचा पट बघायचा नाही आणि त्याबद्दल बोलायचंही नाही. भिडूचं कसं चाललंय ते त्याच्याकडून येणाऱ्या मेलेल्यांवरून ओळखायचं. घोडा आला, म्हणजे तो गेला कशापायी? आणि काहीच येत नसेल तर त्याचा अर्थ काय? यातच त्या खेळाची सगळी चव होती.

एकदा लियाकतनं पडद्याची कड हळूच वर केली. नूरबानोनं ते पाहिलं आणि त्याच दिवशी शेवटचा नियम केला. पडदा उचलणारा हरला, आणि त्याच्याबरोबर त्याचा भिडूही.

पंच अमिनाबी. ती म्हातारी, तिला कुणाचा गोषा? ती दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यातच बसायची, पडद्याची कड खांद्यावर घेऊन, मांडीत थाळी, हातात पळी. अख्ख्या घरात दोन्ही पट फक्त तिला दिसायचे आणि तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. याहून चांगला पंच मिळाला नसता.

आता सांगा, तो पडदा काय होता? नूरबानोला खेळापासून लांब ठेवायला लावलेलं ते कापड. तिनं तेच उचलून खेळाच्या मधोमध उभं केलं. बायकोला आत बसवणारे घरोघरी होते. आत बसून हे करणारी एकच होती.

सन चौतीसच्या पावसाळ्यानंतर लियाकत म्हणाला, "मंडळात दिवाळीच्या बैठकीसाठी काही नवं हवंय. तुझा खेळ नेऊ का?"

नूरबानोला आनंद झाला. तो तिनं दाखवला नाही, पण झाला. तिनं त्याला सगळे नियम पाठ करायला लावले. "आधी पडदा सांगायचा. पडद्यापासून सुरुवात करायची. कळलं?" लियाकतनं मान डोलवली.

मंडळाचे प्रमुख खंडेराव. पेठकडच्या सागाचा मोठा व्यापार, आवाज मोठा, आणि खेळही खरोखर मोठा. त्यात खोटं बोलण्यात अर्थ नाही. नाशकात त्यांच्यासमोर टिकणारे फार नव्हते. त्यांनी खेळ ऐकून घेतला, मांडायला लावला, आणि पडद्याची गोष्ट निघताच ते वर सांगितलेलं वाक्य बोलले. लियाकतनं मान डोलवली. दोन्ही पट एकाच सतरंजीवर शेजारी-शेजारी मांडले गेले. मग जे व्हायचं तेच झालं. खंडेरावांना दोन्ही पट दिसत होते, म्हणून ते दोन्हींवर खेळायला लागले. "तो घोडा तिकडे ठेव. नाही नाही, अलीकडे. हात काढ, मी ठेवतो." त्यांचा भिडू नुसता बसून राहिला. पलीकडे लियाकत आणि त्यानं बरोबर नेलेला कोंडाजी यांची कुजबूज वेगळीच. चार माणसांचा खेळ दोघांचा झाला, मग एकाचा झाला, मग कंटाळवाणा झाला. खंडेरावांनी पट गुंडाळले आणि निकाल दिला. "खेळात दम नाही. चुलीपुढे बसून केलेला खेळ. बायकांचं मन रमायला ठीक आहे."

लियाकतनं घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. निरोप्या म्हणून तो प्रामाणिक होता.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" नूरबानोनं विचारलं.

"मी काय म्हणणार? एवढा मोठा खेळाडू."

"मान डोलवलीत!"

नूरबानो उठून उभी राहिली. "तो पडदा माझ्या तोंडासाठी होता का? तो डावासाठी होता! वजिराशिवाय बुद्धिबळ खेळून बघा म्हणावं, आणि मग म्हणा बुद्धिबळात दम नाही! मी आत बसले ती तुमच्या रीतीमुळे. त्या रीतीतून मी एक गोष्ट काढली. ती गोष्ट तुम्ही बाहेर नेलीत, तिचा गळाच कापून टाकलात, आणि वर म्हणता हिला आवाज नाही?"

"हळू बोल, बाहेर ऐकू जाईल," अमिनाबी म्हणाली.

"जाऊ दे! जायलाच हवं!"

पुढचे बरेच दिवस ती लियाकतची भिडू म्हणून खेळायला बसली नाही. त्याच्या ताटात भात पडायचा, पण ताट ती त्याच्यासमोर आदळायची. तिला झोंबलं ते हरणं नव्हतं. तिचा खेळ खेळलाच गेला नव्हता, आणि न खेळताच त्याला वाईट ठरवलं होतं. निदान खेळून तरी नापास करा! तिला एवढंच हवं होतं, की खंडेरावांनी एकदा पडद्यासकट खेळावं आणि मग काय ते बोलावं. मग ते 'दम नाही' म्हणाले असते तरी तिनं ऐकून घेतलं असतं. निदान ती तसं म्हणत होती.

लियाकत पुन्हा मंडळात गेला. या वेळी कदाचित आदळलेल्या ताटांमुळे असेल, पण त्यानं खंडेरावांना घरी यायचं आमंत्रण दिलं. खंडेराव हसले. "बरं, शुक्रवारी येतो. खेळ खरा निघाला तर दिवाळीला मांडू. नाही निघाला तर पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, लियाकतशेठ."

"बाहेर तुम्ही तांबडे, ते हिरवे," नूरबानोनं नवऱ्याला सांगितलं. "आत मी तांबडी. हिरवी तानुबाई."

म्हणजे खंडेरावांची भिडू तानुबाई. शुक्रवारी हे ऐकून खंडेराव बाहेर मोठ्यानं हसले. "मापाड्याची बायको माझी भिडू? कोंडाजीलाच बसवा ना आत."

"आत बायामाणसं आहेत," लियाकत म्हणाला.

"हो, ते बरोबर. रीत ती रीत," खंडेराव लगेच म्हणाले. रीतीच्या बाबतीत ते फार कडक होते.

आत नूरबानोनं तानुबाईचा हात धरला. "हे बघ, मला सोडायचं नाही. मी चिडेन, रडेन, काही करेन. तू मला गाडायचं. तू जरा जरी हात राखलास, तर खेळ मेला."

"लय बरं," तानुबाई म्हणाली. "मंग नंतर बोल लावायचा नाय."

अमिनाबीनं थाळीवर पळी मारली.

डाव सुरू झाला आणि थोड्याच वेळात नूरबानोच्या लक्षात आलं की आज तानुबाई वेगळीच खेळतेय. नेहमीचीच शांत, नेहमीचीच हळू, पण एकही प्यादं फुकट सोडत नव्हती. नूरबानोचा एक उंट गेला. मग हत्ती. मग दुसरा उंट. प्रत्येक वेळी तिनं मेलेल्याच्या मानेला दोरा बांधला आणि पडद्याखालून लियाकतकडे सरकवला. बाहेर लियाकत ते मोहरे उभे करत होता आणि खंडेरावांवर चढत होता. खंडेराव कितीही मोठे खेळाडू असले तरी समोर फौज वाढतच चालली, तर करतील काय? त्यांचा एक घोडा गेला. तो आत आला, हिरवा, दोरा बांधलेला. तानुबाईनं तो हातात घेऊन बघितला आणि मांडीशी ठेवून दिला. मग दुसरा घोडा आला. मग हत्ती.

आतून मात्र हिरवं काहीच बाहेर जात नव्हतं.

"माझी भिडू झोपली की काय?" बाहेरून खंडेरावांचा आवाज आला. "मी एवढे मोहरे पाठवतोय, तिकडून एक प्यादं नाही."

"बोलायचं नाही," अमिनाबी म्हणाली.

नूरबानोनं पटावरून मान वर केली आणि क्षणभर तिला हसू आवरेना. किती सोपं होतं! आतून येईल कोण? भिडूचं काही मेलं असेल तर येईल ना? तानुबाईचा एकही मोहरा मेला नव्हता. आणि लियाकतपुढे दोरेवाले तांबडे मोहरे एकामागून एक उभे राहत होते, ते कुठून येत होते? आत तांबड्यांची कत्तल चालली होती म्हणून येत होते. ते त्या माणसाच्या डोळ्यांपुढे होतं. एवढा मोठा खेळाडू, आणि त्याला एवढं वाचता येऊ नये? पण त्यानं ते वाचायचा विचारच केला नव्हता. आपल्याला दिसत नाही म्हणजे पलीकडे काही चाललेलंच नाही, असं त्यानं धरलं होतं. नूरबानोचं हसू गेलं आणि पुन्हा राग आला.

तानुबाईनं मांडीशी ठेवलेला घोडा उचलला आणि पटावर ठेवला. नूरबानोनं बघितलं. तिच्या राजाला आता दोनच खेळी उरल्या होत्या. तिनं सगळीकडून शोधलं, वाट नव्हती. ती हरत होती, आणि तिच्याच खेळात, तिनंच शिकवलेल्या बाईकडून, इतकी सुंदर हरत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ठोका पडला, की बाहेरची एकेक खेळी, मग आतली, आणि मग संपलं. खेळ खरा होता. आता कुणालाही कळलं असतं.

"तानुबाई!" बाहेरून खंडेराव ओरडले. "घोडा राजाजवळ ठेवा, राजाजवळ! ऐकू येतंय का?"

अमिनाबीनं थाळी बडवली. "बोलायचं नाही म्हणते ना!"

आणि पडदा वर गेला.

खंडेराव गुडघ्यांवर होते, एका हातात निळ्या पडद्याची कड. त्यांनी बायकांकडे बघितलंसुद्धा नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी फक्त पट बघितला. पट बघता बघता त्यांचा चेहरा बदलला, कारण खेळाडू ते खरे होते आणि काय चाललंय ते त्यांना एका नजरेत कळलं. आपण जिंकत होतो. अमिनाबीची पळी त्यांच्या बोटांवर खाडकन बसली आणि पडदा पडला.

बाहेरून खंडेरावांचा आवाज आला, पार बारीक झालेला. "लियाकतशेठ, चुकलो. तुमच्या घरात, तुमच्या बायकांसमोर... माझ्याकडून असं कधी झालं नाही. माफी मागतो तुमची."

माफी! पडदा कुणाचा उचलला आणि माफी कुणाची? डाव कुणाचा मोडला? ती आता नवऱ्याच्या आवाजाची वाट बघत होती, आणि तो काय करेल हे तिला ठाऊक होतं. तो मान डोलवेल. म्हणेल, जाऊ द्या, खंडेराव.

"माझी माफी कसली मागता?" लियाकत म्हणाला. "माझा पट इकडे आहे, तुमच्यासमोर. तुम्ही त्यांचा डाव मोडलात. तिकडे मागा."

नूरबानोनं पडद्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि त्या कापडापलीकडून असं काही तिनं प्रथमच ऐकलं होतं.

"बाई," खंडेराव पडद्याला म्हणाले, "पडदा उचलला. नियमाप्रमाणे हरलो."

"नियमाचं मला सांगू नका, तो मीच केलाय!" नूरबानो म्हणाली. अमिनाबीनं तिला हळू बोलायला सांगितलं नाही. "मी हरत होते! दोन खेळींत मी मेले होते. इतका चांगला डाव या घरात कधी झाला नव्हता आणि तुम्ही तो पुरा होऊ दिला नाहीत. आतून काही येईना, म्हणून घाबरलात? येणार काय? तानुबाईचं मेलंय कोण? तुमच्यापुढे माझे मोहरे उभे राहत होते ते आभाळातून पडत होते का?"

"खेळ खरा आहे," खंडेराव म्हणाले. "खोट त्यात नव्हती. दिवाळीला मांडू. पडद्यासकट मांडू."

"आणि कुणाचा म्हणून सांगाल?"

"लियाकतशेठच्या घरचा म्हणून..."

"घराला बुद्धिबळ येत नाही," नूरबानो म्हणाली. "नूरबानोचा. हनीफ कातारी यांच्या मुलीचा. म्हणून दाखवा."

खंडेरावांनी म्हणून दाखवलं. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही, पण म्हटलं. नूरबानोनं पुन्हा म्हणायला लावलं, आणि त्यांनी पुन्हा म्हटलं.

मग ते जरा सावरले. "आता एक डाव परत होऊ दे," ते म्हणाले. "या वेळी काही बोलणार नाही. तानुबाई, मांडा. आपण दोघं ह्यांना..."

"मला नको हा भिडू," तानुबाई म्हणाली.

ती डाव सुरू झाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिच्या पुढ्यात अजून तोच पट होता, दोन खेळींवर थांबलेला, आणि ती तो मोडत नव्हती. "तुमच्याच घोड्यानं राजा गाडत व्हते मी, मालक. तुमी पाठवलेल्या घोड्यानं. जल्मात असा डाव पडला नव्हता मला, तो घालवला तुमी. ज्याला दिसल्याबिगर इस्वास बसत नाय, त्याच्यासंगं मी नाय खेळायची. आमचे हे हायेत की बाहेर."

कोंडाजी खाकरला आणि आपली बसायची जागा सोडून हिरव्यांच्या बाजूला येऊन बसला. खंडेराव उठले. जावं की थांबावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते दाराजवळच्या बाकावर टेकले.

आत तानुबाईनं आपला पट एकदा डोळे भरून बघितला आणि मोहरे नव्यानं लावायला घेतले. मानांचे दोरे सोडले गेले. अमिनाबीनं थाळीवर ठोका दिला. बाहेर कोंडाजीनं प्यादं सरकवलं.

खंडेरावांना बाकावरून बाहेरचा पट स्वच्छ दिसत होता. तांबडं काय मेलं, हिरवं काय आलं, सगळं. पण अर्ध्याच डावाचं सगळं. आतला ठोका पडला की त्यांची मान आपोआप पडद्याकडे वळायची, आणि उंबऱ्यातल्या म्हातारीच्या हातातली पळी दिसली की परत फिरायची.